क्योतोच्या सरस्वतीची ओटी

क्योतोला जायचं ठरलं ते नवऱ्याच्या कामामुळे. वोल्फ्सबुर्गमध्ये माणूस राहतो तो गाड्यांच्या कारखान्यासाठी, आणि कारखान्याने कुठे पाठवलं तर निमूट जातो. ओसाकाजवळच्या एका पुरवठादाराकडे नवऱ्याच्या आठवडाभर मीटिंगा होत्या. माझी सुट्टी शिल्लक होती आणि ती संपवा म्हणून ऑफिसची मेल येऊन पडली होती. जर्मनीत सुट्टी घेतली नाही तर लोक तुमच्याकडे संशयाने बघतात. हॅम्बर्गला शिकणाऱ्या मुलाला विचारलं, तर तो 'ने, काइनं त्साइट' म्हणाला. वेळ नाही, हे वाक्य तो अगदी शुद्ध जर्मन उच्चारात म्हणतो. सासूबाईंना विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडेच आल्या होत्या आणि जपानचा व्हिसा आम्ही त्यांना मुंबईहूनच काढून यायला सांगितलं होतं. जर्मनीत राहून आम्हाला बाकी काही आलं नसलं तरी सहा महिने आधी बेत करता येतो.

सासरे जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सासूबाई पुण्यात एकट्या राहत होत्या आणि फोनवर 'मी मजेत आहे' इतक्यांदा म्हणायच्या की शेवटी नवऱ्याने तिकीटच पाठवलं. वोल्फ्सबुर्गला येऊन त्या खरोखरच मजेत राहिल्या. रस्त्यावर माणूस दिसत नाही याबद्दल त्यांनी पहिल्या आठवड्यात दोनदा विचारलं. गाड्या दिसतात म्हणजे आत माणसं असतीलच, असं समाधान स्वतःचं स्वतःच करून घेतलं.

त्या आल्या आणि लगेच गौरी आल्या. आमच्या घरी दरवर्षी हळदीकुंकू असतं. गावातल्या मराठी बायका येतात. त्या सगळ्या माझ्याहून लहान, बहुतेक आयटीतल्या, आणि कुणाचं कुंकू पुसलेलं आहे याची चौकशी करायला त्यांच्यापैकी एकीलाही वेळ नाही. सासूबाईंनी पुरण वाटलं, खीर केली, गौरींना साड्या नेसवल्या आणि पहिली बेल वाजताच बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. मी आत गेले तर त्या पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"अहो आई, बाहेर चला. सगळ्या विचारतायत."

"विचारू देत. मी इथे बरी आहे."

"कुणाला काही वाटत नाही हो इथे."

"मला वाटतं," त्या म्हणाल्या. "तू जा, त्यांची ओटी भर."

मी थोड्या वेळाने परत गेले, तेव्हा कपडे संपले होते. त्यांनी घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायला घेतल्या होत्या. मला भयंकर राग आला. तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून मी खिरीत साखर कमी आहे असं म्हटलं. तशी ती नव्हती.

पुण्याला असताना त्या दर नवरात्रात देवीची ओटी भरत. लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. सासरे गेल्यावर पहिल्या वर्षी घरात सण नाही, म्हणून विषय निघाला नाही. यंदाचं नवरात्र आलं तेव्हा आम्ही नेमके जपानला निघालो होतो, आणि ओटी सवाष्णीनेच भरायची असल्यामुळे ती मी भरायची, हे त्यांनी ठरवून टाकलं. मी म्हटलं, ठीक आहे, पण देवी कुठून आणायची? वोल्फ्सबुर्गला मोठा कारखाना आहे, फुटबॉलचं स्टेडियम आहे, कालव्याच्या कडेने फिरायला जागा आहे, देवी मात्र नाही.

यावर त्यांनी मला व्हॉट्सअॅपवर आलेला एक मजकूर दाखवला. जपानात सरस्वतीची देवळं आहेत, असं त्यात लिहिलं होतं. व्हॉट्सअॅपवर जगातलं सगळंच आपलं असतं, त्यामुळे मी तो वाचायच्या आधीच खोटा ठरवला. मग त्यांना खोटं पाडायला म्हणून शोधलं आणि निघालं ते खरंच. तिथे तिला बेंझाइतेन म्हणतात. हातात वीणेसारखं वाद्य असतं आणि देऊळ बहुधा पाण्यात. व्हॉट्सअॅप बरोबर निघाल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग, आणि तो सासूबाईंसमोर घडावा याचं मला अजूनही वाईट वाटतं.

मग ओटीचं सामान. खण त्यांनी पुण्याहून आणलेलाच होता, हिरवा, लाल काठांचा. हळदकुंकू, हळकुंड, सुपारी, तांदूळ घरात होते. नारळ सुपरमार्केटमधून आणला तर त्याला मधोमध करवतीने चर पाडलेला होता. जर्मन माणसाला नारळ फोडताना त्रास होऊ नये म्हणून ती सोय असते. सासूबाईंनी नारळ हातात फिरवून बघितला.

"हा फुटका आहे."

"फुटका नाही, चिरलाय. सोय आहे."

"देवीला सोय नको," त्या म्हणाल्या. शेंडी नव्हती ती गोष्ट त्यांनी सोडून दिली, पण चिरलेला नारळ चालणार नव्हता. शेवटी तुर्की दुकानात अखंड नारळ मिळाला. तो आम्ही बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून जपानपर्यंत नेला आणि तिथल्या विमानतळावर एका अतिशय गोड कुत्र्याने तो शोधून काढला. नारळ, तांदूळ, सुपारी आणि हळकुंड जमा झाले. खण, हळद आणि कुंकवाच्या पुड्या परत मिळाल्या. अधिकारी नारळ घेऊन जाताना वाकून नमस्कार करून गेला. सासूबाई म्हणाल्या, घेतला तर घेतला, पण मान देऊन घेतला.

नवरा रोज सकाळी मीटिंगला जायचा आणि तिथून आम्ही कुठल्या बसने जावं ते फोनवर सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं हा त्याचा आवडता व्यायाम आहे. आम्ही दोघी क्योतो बघायचो. मी बेत केला होता, आणि बेत केला की मी तो पाळते. जर्मनीने मला दिलेल्या आजारांपैकी हा एक आहे. सासूबाईंना पंचवीस मिनिटांत एक देऊळ उरकायचं याचं काही वाटलं नाही. अष्टविनायकाची बस त्याहून कमी वेळ देते, असं त्या म्हणाल्या.

सोनेरी देऊळ खरंच सोनेरी आहे. तळ्याच्या पलीकडून बघायचं, फोटो काढायचा आणि बाहेर पडायचं. आत जाता येत नाही. सासूबाईंनी गर्दीत उभं राहून हात जोडले आणि विचारलं, "मूर्ती कुणाची आहे?" मला माहीत नव्हतं. "आपण नमस्कार कुणाला केला मग?" तेही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रुपेरी देऊळ बघितलं. त्याला चांदी कुठेच नाही, साधं तपकिरी लाकूड आहे. सासूबाई बराच वेळ चांदी शोधत होत्या. मग "नाव सोनुबाई" एवढंच म्हणून पुढे निघाल्या. तिसऱ्या ठिकाणी पांढऱ्या वाळूत थोडे दगड ठेवले होते आणि लोक लाकडी ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत होते. सासूबाईंना तिथे बसल्या बसल्या छान झोप लागली. शेजारी एक जर्मन प्रवासी होता. तो त्यांच्याकडे मोठ्या आदराने बघत होता. त्याला ती समाधी वाटली असावी. मी खुलासा केला नाही.

देवळात जाताना चपला काढून पिशवीत घालायच्या आणि बरोबर न्यायच्या, ही पद्धत त्यांना फार पटली. आयुष्यभर देवासमोर उभं राहून अर्धं लक्ष चपलांकडे ठेवलेल्या बाईला हे पटणारच. दाराशी पाण्याचं कुंड असतं, त्यात बांबूची पळी. हात धुवायला असते ती. सासूबाईंनी पहिल्याच ठिकाणी उजव्या तळहातावर पाणी घेतलं, तीर्थ म्हणून प्यायल्या आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन मुलींनीही तसंच केलं. मी दुसरीकडे बघत राहिले.

सरस्वतीचा दिवस मी शेवटचा ठेवला होता. आदल्या दिवशी ओटीचं उरलेलं सामान घ्यायला गेलो. तांदूळ मिळाले, बदाम मिळाले. नारळ नव्हता. भाजीच्या दुकानात सासूबाई एकेक फळ निरखत फिरल्या आणि एका मोठ्या नाशपतीपाशी थांबल्या. तिथल्या नाशपती आपल्याकडच्यासारख्या निमुळत्या नसतात. चांगल्या गोल, तपकिरी, आणि प्रत्येकीला फोमची जाळी घातलेली.

"ही घे."

"आई, ती नाशपती आहे."

"गोल आहे, तपकिरी आहे, आत पाणी आहे. नारळात आणखी काय असतं?"

मी नाशपती जाळीसकट टोपलीत ठेवली.

देऊळ शहराच्या कडेला होतं. मोठ्या देवळाच्या मागे एक तळं, तळ्यात अंगणाएवढं बेट, बेटावर जायला लाल पूल, आणि बेटावर आपल्याकडच्या देव्हाऱ्यापेक्षा जरा मोठं, बंद दारांचं देऊळ. मूर्ती आत होती. दारं उघडत नाहीत, असं नकाशावर लिहिलं होतं. बाहेर एक म्हातारी जपानी बाई डोक्याला फडकं बांधून पानं झाडत होती. बाकी कुणी नव्हतं.

सासूबाईंनी त्या दिवशी चांगली साडी नेसली होती, वर स्वेटर, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज. पुलाच्या अलीकडे त्या थांबल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"डोक्यावरून ओढणी घे. आधी हळद, मग कुंकू. खण उलगडू नकोस, घडीच ठेव. तांदूळ दोन ओंजळी. आणि मनात म्हण, सगळ्यांना सुखी ठेव. फार मागू नकोस."

"तुम्ही येताय ना?"

"मी इथूनच नमस्कार करते."

आणि त्या वळून पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. पाठ माझ्याकडे, हात स्वेटरच्या खिशात. तिथे त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. पुणं नव्हतं, शेजारीण नव्हती, भटजी नव्हता. पानं झाडणाऱ्या बाईला ओटी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तरी त्या त्याच बेडरूममध्ये, त्याच बंद दाराआड उभ्या होत्या. इतकी वर्षं जिने ही ओटी भरली ती अलीकडे, आणि जिला तांदूळ किती घ्यायचे हे विचारावं लागतं ती मी पलीकडे जाणार. मला पुन्हा तसाच राग आला. या वेळी जवळपास खीर नव्हती.

"आई," मी म्हटलं, "मला अडचण आलीय."

त्या वळल्या. "आत्ता?"

"आत्ताच. पुलावर."

महिन्याच्या त्या चार दिवसांत देवाला हात लावायचा नाही, हे त्यांच्या घरात मी पहिल्या दिवसापासून ऐकत आले आहे. मी ते कधी पाळते, कधी पाळत नाही, आणि पाळत नाही तेव्हा सांगत नाही. या वेळी तसं काही झालेलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर वाटलं, बरं झालं.

सासूबाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. मी ती धरलेलीच नको होती.

"उद्या?" त्या म्हणाल्या.

"उद्या सकाळी विमान आहे."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या बाईंना विचार ना, त्या सवाष्ण आहेत का."

"काय विचारू? तुमचा नवरा जिवंत आहे का?"

"तुझ्या फोनमध्ये भाषा बदलून मिळते ना?"

"फोनमध्येही असं विचारत नाहीत, आई."

तळ्यात मासे होते, माणूस दिसला की काठाशी येणारे. ते येऊन तोंडं उघडून वाट बघत राहिले.

"मी भरलेली चालेल का गं तिला?"

हे त्यांनी मला विचारलं. पुस्तकं वाचलेली, परदेशी राहणारी, सगळ्यावर मत असलेली सून म्हणून विचारलं असेल. मला छातीठोकपणे हो म्हणायचं होतं, पण माझा तिच्यावर विश्वासच नाही. मी कुठल्या तोंडाने तिच्या वतीने हो म्हणणार?

"मला काय माहीत," मी म्हटलं. "तिलाच विचारा."

त्या पूल ओलांडून गेल्या. मी अलीकडेच थांबले. अडचण असल्यामुळे थांबणं भाग होतं. लांबून दिसत होतं ते एवढंच, की त्यांनी बूट काढले आणि पिशवीत न घालता बाजूला ठेवले. पदर डोक्यावरून घेतला. बंद दारासमोरच्या पायरीवर हळदीचं बोट टेकवलं. मग कुंकवाची पुडी सोडली आणि चिमूट धरून तशाच उभ्या राहिल्या. इतका वेळ की मला वाटलं, आता परत येतात. मी मनात म्हणत होते, वाहा, आई, वाहा. देवीपुढे मी काही मागितलं असेल तर ते एवढंच.

त्यांनी कुंकू वाहिलं. मग भराभर सगळं. खण, नाशपती, बदाम, आणि दोन ओंजळी तांदूळ, एक दाणा खाली न सांडता. माझ्या हातून अर्धे तळ्यात गेले असते. बोटाला लागलेलं कुंकू एरवी बाई कपाळाला लावते. त्यांनी ते बघितलं आणि रुमालाला पुसलं. तेवढं काही झालं नाही.

आता म्हातारीने झाडू खाली ठेवला. मला वाटलं, ओरडणार. तिथे पायरीवर तांदूळ ठेवायची पद्धत नसावी. ती आली, सासूबाईंच्या शेजारी उभी राहिली, दोन टाळ्या वाजवून तिनेही नमस्कार केला. मग ओटीकडे बोट दाखवून बरंच काही बोलली. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी देवीपासून अंतर ठेवून, म्हणजे पुलाच्या मध्यावर जाऊन, फोन पुढे केला. माझा फोन जर्मनमध्ये असतो. म्हातारी जपानीत बोलली आणि फोन खणखणीत बाईच्या आवाजात जर्मनमध्ये म्हणाला की, देवीने बघितलं, आभारी आहे, आता कृपया सगळं परत घेऊन जा, इथे ठेवलं तर कावळे येतात.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"देवीने घेतलं म्हणतायत. आता प्रसाद तुम्ही घरी न्या. इथे कावळे फार आहेत."

म्हातारीने तेवढ्यात सगळं गोळा केलं होतं. खणावर नाशपती, तिच्याभोवती बदाम आणि तांदूळ, असं दोन्ही हातांत घेऊन ती वाकून उभी राहिली. जपानात कुठलीही वस्तू दोन्ही हातांनीच देतात, हॉटेलची किल्लीसुद्धा. सासूबाईंनी पदर पुढे धरला. त्यांनी ठरवून धरला नाही. कुणी बाई समोर खण, फळ आणि तांदूळ घेऊन उभी राहिली की आपल्या बायकांचा पदर आपोआप पुढे येतो. म्हातारीने सगळं त्यात घातलं.

सासरे गेल्यापासून त्यांच्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्या पदर दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, स्वेटरच्या खाली, अनवाणी, आणि म्हातारी त्यांना नमस्कारावर नमस्कार करत होती. मला रडू आलं. मी माशांकडे बघितलं. ते काठ सोडून गेले होते.

हॉटेलवर त्यांनी नाशपती चिरली आणि पहिली फोड मला दिली. नियमाप्रमाणे मला प्रसाद द्यायला नको होता. मी नियम काढला नाही, फोड खाल्ली, आणि पोट दुखतंय असं म्हणून पलंगावर आडवी झाले. खोटं एकदा सुरू केलं की ते चार दिवस चालवावं लागतं. विमानातही मी मधूनमधून कण्हत होते. नवऱ्याने कसली तरी गोळी दिली. त्याने क्योतोत काय काय बघितलं असं विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, सोन्याचं देऊळ, चांदी नसलेलं देऊळ आणि दगड. चौथ्या देवळाचं नाव त्यांनी काढलं नाही.

वोल्फ्सबुर्गला परतलो तेव्हा थंडी पडली होती आणि साडेसहाला अंधार व्हायला लागला होता. पुढच्या आठवड्यात एका दुपारी मला खरोखर त्रास सुरू झाला. ऑफिसला कळवून मी सोफ्यावर पडून राहिले. सासूबाईंनी न सांगता किटली लावली, गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, टॉवेलमध्ये गुंडाळली आणि आणून माझ्या पोटावर ठेवली.

"ही खरी ना?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि थंडीत माझे कान गरम झाले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिथेच. जपानला निघायच्या आठवड्यात ही पिशवी मीच भरून दिली होती तुला. महिना काय पंधरा दिवसांचा असतो का?"

त्या टॉवेल नीट खोचत होत्या. आवाजात राग नव्हता, माफी नव्हती, काहीच नव्हतं.

"मग पुलावर बोलला का नाहीत, आई?"

"बोलले असते," त्या म्हणाल्या, "तर ओटी तू भरली असतीस."